कमानींतलें अक्षर

कंधार १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथें हाली रुपया चाले. सात हाली रुपयांना सुमारें सहा इंग्रजी रुपये मिळत. विसाव्या शतकाच्या आरंभीं या रुपयावर चारमिनार आला. त्याच्या मधल्या कमानींत सहावे निजाम महबूब अली खान यांचें आद्याक्षर ‘मीम’ असे. १९११ सालीं उस्मान अली खान गादीवर आले आणि त्या जागीं ‘ऐन’ आलें.

एवढ्या पालटासाठींहि नवा ठसा कोरावा लागे. पोलादांत अक्षर उलटें व खोल उतरलें, तरच चांदीवर तें सुलट व उठावदार उमटतें. आरंभींच्या नाण्यांवरील ‘ऐन’ अपुरें आहे, पुढील नाण्यांवर पूर्ण. ठसा पुन्हां कोरला गेल्याची ही साक्ष होय.

लंडनच्या टांकसाळीचा मुख्य ठसेकार विल्यम वायन याचीं आद्याक्षरें कंपनीच्या १८४० च्या रुपयावर, व्हिक्टोरिया राणीच्या मानेच्या कडेवर आढळतात. हाली रुपयावर आद्याक्षर आहे तें राजाचें, कोरणाऱ्याचें नाहीं. राजा एका दृष्टिक्षेपांत ओळखतां येतो. कारागिराची कारकीर्द मात्र वाचावयाची, तर दोन रुपये शेजारीं ठेवून त्या कमानींत डोकावावें लागतें.