रकाना संपतो कुठे?

पंचकार्डाचा विषय हल्ली निघतो तो बहुधा थट्टेच्या सुरात. आयबीएमने १९२८ साली आयताकृती छिद्रांचे ८० स्तंभांचे कार्ड आणले. त्याआधीच्या गोल छिद्रांच्या कार्डावर ४५ स्तंभ मावत. दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम नाही की रेघ नाही. कुठल्या स्तंभापासून कुठल्या स्तंभापर्यंत रक्कम धरायची, हे टॅब्युलेटरच्या प्लगबोर्डावर खोचलेल्या तारा ठरवत. ही सगळी गरीब यंत्राची लाचारी होती आणि यंत्रे सुधारल्यावर ती आपोआप जायला हवी होती, असे सर्रास मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. रकान्याची रुंदी हा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातला करार होता. कार्डे गेली तरी तो टिकला, आणि तो न पाहता मजकूर फोडायला बसणारा आजही फसतो.

हा करार किती चिवट निघाला ते फोरट्रानमध्ये दिसते. १९५७ साली आयबीएम ७०४ साठी आलेल्या या भाषेत पहिले पाच स्तंभ विधानाच्या क्रमांकाचे, सहावा ‘मागील ओळीवरून पुढे चालू’ या खुणेचा आणि ७ ते ७२ प्रत्यक्ष विधानाचे. ७०४ चा कार्डवाचक ७२ च स्तंभ वाचत असे, म्हणून उरलेले आठ कंपायलर बघतच नसे. लोकांनी त्या आठांत अनुक्रमांक टाकायला सुरुवात केली. गठ्ठा हातातून पडून विस्कटला, तर सॉर्टरमधून काढून पुन्हा क्रमाने लावता यायचा! प्रथिनांच्या रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ साली ब्रुकहेवनला सात रचनांवर सुरू झाली, आणि तिच्या फाइलची ओळही ८० स्तंभांचीच ठरली. अणूचा अनुक्रमांक ७ ते ११, साखळीचे अक्षर २२ व्या स्तंभात, क्ष-निर्देशक ३१ ते ३८ आणि लगेच ३९ पासून य-निर्देशक. आता क्ष उणे १००.१२३ असेल, तर उणे चिन्ह आणि दशांशबिंदू धरून आठही जागा भरतात. य-ही तेवढाच मोठा आणि उणे असला, की दोन आकडे एकमेकांना चिकटून छापले जातात. फोरट्रानला त्याने काही बिघडत नाही, ते आठ जागा मोजून थांबते.

बिघडते ते युनिक्सच्या सवयीने. १९७७ सालच्या ऑक या आज्ञेची धारणा अशी की मोकळी जागा आली म्हणजे रकाना संपला. वरच्या फाइलीत सातवा शब्द मागितला की बहुतेक ओळींवर क्ष मिळतो. पण दोन आकडे चिकटले की एकाच्या जागी दोन्ही हाती येतात. साखळी एकच आहे म्हणून तिचे अक्षर कोरे सोडले असेल, तर सगळे एका घराने सरकते आणि क्ष म्हणून य पदरात पडतो. आज्ञा कुरकुर करत नाही, आकडाही आकड्यासारखाच दिसतो. म्हणून ही चूक वाईट. कट या आज्ञेला ३१ ते ३८ असे स्तंभ सांगितले किंवा ग्नू ऑकमध्ये फील्डविड्थ्सला रुंद्या दिल्या, तर कोरा रकाना कोराच राहतो. इथे मोकळी जागा हीसुद्धा नोंदच आहे.

यावर कोणी म्हणेल, विभाजकाचे चिन्ह घाला आणि मोकळे व्हा. पण पत्त्यात स्वल्पविराम आला की अवतरणचिन्हे लागतात, अवतरणात अवतरण आले की त्याचा वेगळा नियम. म्हणजे करार टळत नाही, फक्त कलमे बदलतात. दुसरा आक्षेप मात्र मान्य करावाच लागतो. रुंदी ठरवणारा माणूस नकळत जगाचे आकारमान ठरवून जातो. पाच जागांत ९९,९९९ पलीकडचा अणू मावत नाही, म्हणून रायबोसोमसारख्या प्रचंड रचना कित्येक वर्षे तुकड्यातुकड्यांच्या फाइलींत ठेवाव्या लागल्या. २०१४ साली त्या नव्या, मोकळ्या स्वरूपात एकत्र आल्या. देवनागरीची अडचण त्याहून मुळातली आहे. यूटीएफ-८ मध्ये ‘क्षि’ लिहायला चार संकेत आणि बारा बाइट लागतात, आणि ग्नूच्या मूळ कटमध्ये अक्षर म्हणजे बाइट हाच हिशेब वर्षानुवर्षे होता. मराठी नावांच्या यादीवर तो चालवला की अक्षर मधोमध चिरले जाते. स्तंभ म्हणजे एक अक्षर, हे कलम रोमन लिपीपुरतेच लिहिलेले होते.

म्हणून अशी फाइल हाती आली की आधी तिचा तपशील-तक्ता मागावा, आज्ञा नंतर लिहावी. तक्त्यातली कलमे फार लांबवर पोचतात. उपग्रहांच्या कक्षा कळवणाऱ्या दोन ओळींच्या नोंदीत वर्षाला आजही दोनच स्तंभ आहेत: ५७ ते ९९ म्हणजे १९५७ ते १९९९, आणि ०० ते ५६ म्हणजे २००० ते २०५६. पहिला स्पुटनिक १९५७ चा, म्हणून मोजणी तिथून. २०५७ साल लिहायला त्या नोंदीत जागा नाही.