दुथडीची नदी आणि कोळ्याची टोपली

इतिहासाच्या ग्रंथांत नदीचें नांव पुष्कळदां येतें. तिचें पाणी मात्र क्वचितच येतें. अमुक सैन्य अमुक तारखेस गोदावरी उतरलें, अमुक सरदारानें कृष्णा ओलांडली, अशीं वाक्यें आपण वाचतों आणि पुढें जातों. त्या दिवशीं नदी गुडघाभर होती कीं दोन्ही थड्या भरून वाहत होती, उतरणारे पायीं उतरले कीं नावेनें, ती नाव कोणाची होती व पाण्यांत कोणीं लोटली, हे प्रश्न विचारण्याची चाल आपल्याकडे फारशी पडली नाहीं. आम्हांस वाटतें, दक्षिणेच्या इतिहासांतील कांहीं गांठी या प्रश्नांवांचून सुटणार नाहींत. म्हणून पुराच्या पाण्यांत लोटल्या जाणाऱ्या एका अत्यंत लहान नावेचा, मासे धरणाऱ्या कोळ्याच्या चामडी टोपलीचा, मागोवा घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या नद्यांचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावणाऱ्या या नद्यांस बर्फाचा आधार नाहीं. जें पाणी यावयाचें तें चार महिन्यांत येतें, आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळला कीं थोड्याच काळांत देशावरचें पात्र फुगतें. उन्हाळ्यांत ज्या उतारावरून बैलगाडी जाते, तेथेंच आषाढांत हत्तीलाही ठाव लागत नाहीं. म्हणजे आठ महिने जी वाट, तीच चार महिने भिंत. मराठ्यांच्या युद्धव्यवहाराचें सारें कालमान या एका गोष्टीवर बसविलेलें होतें. पावसाळ्यांत छावणी करावी, शिपायानें घरीं जाऊन शेत पाहावें, आणि दसऱ्यास नद्या उतरूं लागल्या म्हणजे सीमोल्लंघन करावें. या व्यवस्थेस आळस म्हणणें अन्यायाचें होईल. चारा, दाणापाणी आणि उतार या तिन्हींवर ज्याचें जीवित अवलंबून, अशा घोडदळास याहून शहाणपणाची व्यवस्था सुचणें कठीण होतें. फक्त एक गोष्ट तींत गृहीत धरलेली होती: आपण थांबलों म्हणजे शत्रूही थांबेल.

नदीकांठचा कोळी मात्र पावसाळ्यांत छावणी करीत नसे. त्याचा हंगाम तोच. नव्या पाण्याबरोबर चढणीचे मासे वर निघतात, आणि ते हवे असतील तर गढूळ, ओढ असलेल्या पाण्यांत नाव घालण्यावांचून गत्यंतर नसतें. तुंगभद्रा, कावेरी व कृष्णेचा खालचा प्रवाह येथें यासाठीं जी नाव वापरीत, ती गोल टोपलीच्या आकाराची. कानडींत तिला हरिगोलु आणि तेलुगूंत पुट्टी म्हणतात. बांबूच्या कांबींचा सांगाडा विणावा, त्यावर बाहेरून जनावराचें कातडें ताणून शिवावें, एवढीच तिची घडण. तिला पुढची बाजू नाहीं, मागची बाजू नाहीं, कणा नाहीं, सुकाणू नाहीं. इ. स. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहून गेलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशानें अशा नावांचें वर्णन करून ठेविलें आहे. त्यांत पंधरावीस माणसें बसत, गरज पडल्यास घोडे व बैलही नेले जात, आणि नाव सारा वेळ गरगर फिरत असे, असें त्यानें लिहिलें आहे. हल्लीं कातड्याची जागा डांबर लावलेल्या कापडानें अथवा प्लास्टिकनें घेतली आहे. आकार मात्र तोच राहिला आहे.

पूर चढलेल्या नदींत ही टोपली लोटण्याची एक रीत आहे, आणि ती समजल्यावांचून पुढील इतिहास समजावयाचा नाहीं. कोळी ती प्रथम पालथी डोक्यावर घेऊन कांठाकांठानें वरच्या अंगास चालत जातो. पलीकडे जेथें उतरावयाचें त्याच्या समोरून तो नाव कधींच लोटीत नाहीं. धार आपणांस खालीं नेणार हें तो आधींच हिशेबांत धरतो. किती वर जावें हें तरंगत येणाऱ्या काटक्यांच्या वेगावरून ठरतें. मग सोंडेसारखा पुढें आलेला कांठाचा एखादा भाग पाहून, त्याच्या खालच्या बाजूस जेथें पाणी मंदपणें उलटें फिरत असतें, तेथें टोपली पाण्यावर ठेवावयाची. तिच्या कडेवर पाय दिला तर ती तत्काळ उलटते. पाऊल मधोमध पडलें पाहिजे आणि भारही मधोमधच बसला पाहिजे. वल्हेकरी गुडघे टेकून एका बाजूस बसतो आणि पाणी मागें लोटण्याऐवजीं आपल्याकडे ओढीत जातो.

सर्वांत कठीण क्षण मंद पाण्यांतून धारेंत शिरण्याचा. एक कड धारेनें धरलेली, दुसरी अजून निवांत पाण्यांत; अशा वेळीं गोल नाव गरकन फिरते. नवखा तिला थांबवूं पाहतो आणि पाणी आंत घेतो. जाणता तिला फिरूं देतो, आणि त्या फिरण्यांतच एकेक वल्हें मारून तिला पलीकडे सरकवीत नेतो. टोपली पाण्यांत थोडीशीच बुडते. धारेला पकडावयास तिचें अंगच पाण्याखालीं नसतें म्हटलें तरी चालेल. मोठी नाव पुराशीं झगडते, टोपली पुराबरोबर वाहत वाहत नदी ओलांडते. पलीकडे लागल्यावर ती पुन्हां डोक्यावर घ्यावयाची, वर चालत जावयाचें आणि परतीची खेप करावयाची. भिजून मऊ झालेलें कातडें वेळोवेळीं पालथें घालून वाळविलें नाहीं तर तें कुजतें. तेव्हां सतत खेपा घालावयाच्या असतील तर टोपल्या पुष्कळ हव्यात आणि माणसेंही पुष्कळ हवींत.

नावांच्या अभावीं भरलेली नदी काय करते याचा दारुण अनुभव मराठ्यांनीं इ. स. १७६० मध्यें उत्तरेंत घेतला होता. त्या पावसाळ्यांत अब्दाली यमुनेच्या पूर्वेस अंतर्वेदींत, आणि सदाशिवरावभाऊ पश्चिमेस. इटाव्याकडे यमुना उतरून शत्रूवर जावें असा भाऊसाहेबांचा विचार होता, आणि त्यासाठीं नावा जमविण्याची ताकीद गोविंदपंत बुंदेल्यांस गेली होती. पाणी चढत राहिलें, पूल झाला नाहीं, आणि बेत सोडून भाऊसाहेब दिल्लीकडे वळले. पुढें ऑक्टोबरच्या अखेरीस पाणी कमी होतांच अब्दालीनें बागपतपाशीं, कांहीं माणसें गमावून कां होईना, यमुना ओलांडली. आणि पानिपतचा वेढा तेथून सुरू झाला. पानिपतचीं कारणें अनेक आहेत. तथापि त्या चार महिन्यांत नदी कोणाच्या बाजूनें उभी होती, याचा विचार त्यांत अवश्य झाला पाहिजे.

यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं आर्थर वेलस्ली दक्षिणेंत आला. धोंडजी वाघाच्या पाठलागावर असतां इ. स. १८०० च्या पावसाळ्यांत त्यास तुंगभद्रा व मलप्रभा या नद्यांशीं गांठ घालावी लागली. त्या मोहिमेचा शेवट १० सप्टेंबर १८०० रोजीं कोनगल येथें धोंडजीच्या मृत्यूनें झाला. परंतु वेलस्लीनें तेथून जो धडा उचलला तो धोंडजीहून मोठा होता. ज्या नदीवर देशी फौजा थांबतात तीच नदी टोपल्यांच्या बळावर ओलांडतां येते, हें त्यानें म्हैसूरच्या मुलखांत प्रत्यक्ष पाहिलें. मराठ्यांशीं युद्ध करावयाचें तर नद्या भरलेल्या असतांनाच आरंभ करणें सोयीचें, हें सूत्र त्यानें आपल्या पत्रव्यवहारांत स्पष्टपणें मांडलें आहे. त्याचें म्हणणें असें, कीं घोडदळाचा वेग पुरामुळें कुंठित होतो. ज्याच्याजवळ नावा आहेत त्याचा होत नाहीं.

इ. स. १८०३ मध्यें हें सूत्र कसास लागलें. ऑगस्टच्या आरंभीं युद्ध पुकारलें गेलें, ८ तारखेस अहमदनगरची पेठ पडली, आणि चार दिवसांत किल्लाही पडला. त्याच महिन्याच्या चौथ्या आठवड्यांत, भर पावसाळ्यांत, त्याचें सैन्य टोपल्यांच्या नावांतून गोदावरी उतरून गेलें आणि २९ तारखेस औरंगाबादेस पोंचलें. आपल्या पंचांगाप्रमाणें सीमोल्लंघनास अद्याप अवकाश होता. शिंदे व भोसले यांच्या फौजांस दक्षिणेकडे निजामाच्या मुलखांत उतरावयाचें होतें. त्यांच्या आणि त्या मुलखाच्या मध्यें आतां शत्रु उभा राहिला. २३ सप्टेंबर रोजीं असईची लढाई झाली. त्या दिवशीं कैलना नदीस जवळ उतार नाहीं असें वाटाडे सांगत असतां, समोरासमोर वसलेलीं दोन गांवें पाहून मध्यें उतार असलाच पाहिजे हें वेलस्लीनें ताडलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिचें कौतुक सर्व करतात. त्याच्या आधींच्या महिन्यांत गोदावरीवर ज्यांनीं खेपा घातल्या त्यांचें कौतुक कोणीं केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पुढच्याच वर्षीं हीच परीक्षा इंग्रजांवर उलटली. इ. स. १८०४ च्या जुलैमध्यें यशवंतराव होळकरापुढून कर्नल मॉन्सन मुकुंदऱ्याच्या घाटांतून मागें फिरला, आणि पावसानें त्यास गांठलें. चिखलांत तोफा सोडाव्या लागल्या. भरलेल्या चंबळेपाशीं हत्ती आणि तराफे यांवर माणसें उतरवितां उतरवितां मोलाचे दिवस गेले. बनास नदीवर फौजेची दाणादाण झाली. ऑगस्टच्या अखेरीस आग्र्यास पोंचली ती पलटण नव्हे, तिचे अवशेष होते. मागील नद्यांवर नावांची तरतूद केली नव्हती, हा दोष खुद्द वेलस्लीनें या माघारीवर टीका करतांना दाखविला. नदी कोणाची सोयरी नसते. ज्यानें तिची तयारी केली त्याला ती वाट देते, मग तो कोणीही असो.

येथें एक शंका येईल, व ती रास्त आहे. मराठी राज्य कोळ्याच्या टोपलीपायीं गेलें असें का आमचें म्हणणें आहे? मुळींच नाहीं. इ. स. १८०३ मध्यें होळकर दूर राहिला, पेशवा वसईच्या तहानें आधींच बांधला गेला होता, आणि सरदारांत एकवाक्यता नव्हती. या कारणांपुढें टोपली लहानच. आमचें म्हणणें इतकेंच, कीं ती टोपली आपल्यास अपरिचित नव्हती. पटवर्धनांच्या आणि गोखल्यांच्या फौजा तुंगभद्रेपर्यंत वावरल्या होत्या. वस्तु डोळ्यांसमोर होती. तिचा युद्धाच्या सामग्रींत समावेश झाला नाहीं. आमचें अनुमान असें, कीं स्वारास घोड्याचा अभिमान होता आणि नाव हें दुसऱ्या कोणाचें काम होतें. वल्हें मारणारा नदीकांठीं राहिला, मसलत तंबूंत झाली, आणि दोघांची गांठ पडली नाहीं. परकी सेनापतीस तो अभिमानही नव्हता व ती अढीही नव्हती. त्यानें कोळ्याचें ज्ञान विकत घेतलें.

हा प्रश्न केवळ गतकालाचा असता तर आम्हीं एवढा विस्तार केला नसता. आतां मोठ्या नद्यांवर पूल झाले, उतारांवरच्या नावा बंद पडत गेल्या, आणि पुराच्या पाण्यांत नाव कशी लोटावी हें जाणणारी माणसें विरळ होत चाललीं. पूर मात्र बंद पडले नाहींत. कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठीं पूर आला म्हणजे गुळाच्या काहिलींत माणसें बसवून बाहेर काढतात. नकळत हरिगोलूचाच हा लोखंडी अवतार होय. परंतु साधन हातीं असणें आणि त्याची विद्या असणें या दोन गोष्टी आहेत. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांनीं भरगच्च भरलेली नाव उलटली आणि दहाहून अधिक माणसें गेलीं. घाबरलेल्या माणसांस कांठावर थांबवून ठेवणें आणि खेपा वाढविणें, ही त्या विद्येची पहिली पायरी आहे; आणि बुडत्या गांवांत तीच सर्वांत अवघड असते.

याच्या एकच वर्ष आधीं केरळांत दुसरें चित्र दिसलें होतें. ऑगस्ट २०१८ मध्यें पेरियार, पंबा, अच्चनकोविल या नद्या एकाच वेळीं चढल्या, इ. स. १९२४ च्या पुरानंतर असा पूर तेथें झाला नव्हता. तेव्हां समुद्रकांठचे मच्छीमार आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून चेंगन्नूरसारख्या आंतल्या गांवीं घेऊन गेले आणि जेथें काल रस्ता होता तेथें त्या पाण्यांत लोटल्या. पाण्याखालीं कुंपणाच्या भिंती होत्या, खांब होते. कित्येक होड्या फुटल्या. सुमारें ६७० होड्या आणि साडेचार हजार मच्छीमार या कामीं लागले, आणि त्यांनीं सुमारें ६५,००० माणसें वांचविलीं असा अंदाज प्रसिद्ध झाला. राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं त्यांस केरळचें सैन्य म्हटलें. तंबूंतली मसलत आणि कांठावरचें वल्हें यांची गांठ तेथें पडली. फरक एवढाच, कीं यावेळीं वल्हें बोलावण्याची वाट न पाहतां आपण होऊन आलें.

वेलस्लीचें नांव पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर झालें. ज्यांनीं त्याचें सैन्य गोदावरीपार केलें, त्यांचीं नांवें आतां शोधून सांपडण्यासारखीं नाहींत, आणि त्याबद्दल केवळ हळहळून उपयोग नाहीं. परंतु जे आज हयात आहेत, ज्यांस अमुक नदीची धार अमुक वळणावर कोठें आपटते हें ठाऊक आहे, त्यांचीं नांवें पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक नदीकांठच्या गांवानें लिहून ठेवावीं, त्यांच्या नावा डागडुजी करून सज्ज राखाव्या, आणि पाणी चढूं लागलें म्हणजे कोणती नाव केव्हां लोटावी व केव्हां लोटूं नये हें त्यांस विचारावें. दुथडी भरलेल्या नदीपुढें हुद्दा चालत नाहीं. तेथें जाणत्याचाच शब्द चालूं दिला पाहिजे.