मृद्गंध : शब्दाचा अर्थ आणि साहित्यातील वापर

मृद्गंध (नाम, पुल्लिंगी) : तापलेल्या कोरड्या जमिनीवर पावसाचे पहिले थेंब पडल्यावर येणारा सुवास. फोड अशी : मृद् म्हणजे माती, अधिक गंध.

गेल्या उन्हाळ्यात माझी नात शाळेच्या यादीतला ‘पेट्रिकॉर’ हा इंग्रजी शब्द पाठ करीत होती. अर्थ तिला येत होता. हिंदीत ‘मिट्टी की सोंधी खुशबू’ हेही तिने चटकन सांगितले. मराठीत काय म्हणतात असे विचारले, तर म्हणाली, “आजोबा, मराठीत वेगळा शब्द असतो का?” तिगावात काय किंवा पांढुर्णा-सौंसरमध्ये काय, घरची भाषा मराठी आणि शाळेची हिंदी, त्यामुळे हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच घरांत येत असणार. मी भाषेचा अभ्यासक नाही, जन्म खतावण्यांत गेला. तरी जे वाचले आहे ते सभासदांसाठी नीट मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे, या बाबतीत इंग्रजी शब्द वयाने धाकटा आहे. ‘पेट्रिकॉर’ हा शब्द 1964 साली ‘नेचर’ या नियतकालिकातील एका लेखात प्रथम आला. तो घडवला ऑस्ट्रेलियातील सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधन संस्थेतील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी. आपल्याकडे विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ हा कवितासंग्रह 1954 सालचा, म्हणजे दहा वर्षे आधीचा. पुढे विंदांना 2003 सालचे ज्ञानपीठ मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहेच. इंदिरा संत यांच्या ललित लेखांच्या पुस्तकाचे नावही ‘मृद्गंध’ आहे.

‘पेट्रिकॉर’ची फोड ग्रीक आहे. ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकॉर’ म्हणजे ग्रीक पुराणांत देवांच्या शिरांतून वाहणारा द्रव. थोडक्यात, दगडातले देवरक्त. त्या दोघांनी उन्हात तापलेल्या दगड-मातीतून वाफेच्या साहाय्याने पिवळसर तेल काढले. कोरड्या दिवसांत वनस्पतींपासून हवेत येणारी द्रव्ये दगड-माती शोषून घेतात आणि ओल लागली की सोडतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे काम करताना भारतातल्या ‘मिट्टी अत्तरा’ची त्यांना माहिती होती, हे मुद्दाम सांगण्यासारखे. उत्तर प्रदेशातील कनौजला हे अत्तर आजही निघते. भाजलेली माती तांब्याच्या डेगीत घालून वाफ धरतात आणि ती चंदनाच्या तेलात उतरवतात. शास्त्रज्ञांनी नाव देण्याच्या कितीतरी आधी आपल्या कारागिरांनी तो वास कुपीत भरला होता.

या वासात दुसरेही एक द्रव्य आहे, ‘जिओस्मिन’. ते मातीतले सूक्ष्मजीव, मुख्यतः स्ट्रेप्टोमायसीस जातीचे, तयार करतात. या नावाची ग्रीक फोड ‘पृथ्वी’ आणि ‘वास’ अशी आहे. म्हणजे शब्दशः पाहिले तर मृद्गंधाचा खरा जुळा भाऊ जिओस्मिन, पेट्रिकॉर नव्हे! माणसाचे नाक या द्रव्याला फार तिखट असते. लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी ते ओळखते. बीटला जो मातकट वास येतो तोही याच द्रव्याचा. आंबटाने ते मोडते, म्हणून बीटच्या कोशिंबिरीत लिंबू पिळलेले बरे. 2015 साली अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये वेगवान कॅमेऱ्याने टिपले गेले, की थेंब सच्छिद्र जमिनीवर पडला की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, सोड्यासारखे वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार हवेत उडवतात. हे हलक्या आणि मध्यम पावसात जास्त घडते, मुसळधार पावसात कमी.

जुन्या वाङ्मयात ही कल्पना जागोजागी आहे. न्याय-वैशेषिक दर्शनात गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात गर्भवती सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे लागतात. राजा दिलीप एकांतात तिच्या मुखाचा मातीचा सुवास पुन्हा पुन्हा घेतो आणि तृप्त होत नाही. उपमा दिली आहे ती उन्हाळा सरताना मेघाच्या थेंबांनी भिजलेले डबके हुंगणाऱ्या हत्तीची. ‘मेघदूता’तही पावसाने भिजलेल्या भूमीचा वास येतो. त्यातला रामगिरी म्हणजे आपल्याला जवळचे रामटेक, असे नागपूरच्या वा. वि. मिराशींनी प्रतिपादले आहे.

आता वापराविषयी. मराठीत नुसते ‘वास येतो’ म्हटले की बहुधा काहीतरी बिघडले आहे असा अर्थ होतो. ‘मृद्गंध’ म्हटल्यावर ती शंका उरत नाही. चिखलाचा, डबक्याचा किंवा आठ दिवसांच्या झडीतल्या वावराचा वास म्हणजे मृद्गंध नव्हे. कोरडेपणा आधी हवाच. पावसावरच्या प्रत्येक कवितेत हा शब्द घालायची आता चाल पडली आहे. ती मला फारशी आवडत नाही. मंगल कार्यालयांच्या पाट्यांवर वाचूनही तो झिजत चालला आहे.

शेतकऱ्याच्या घरी मात्र या वासाचा अर्थ वेगळा. मी नोकरीला लागलो त्या वर्षी मृगाचे पहिले पाणी पडले आणि वडिलांनी घाईने वखरलेल्या वावरात पेरणी उरकली. (आपल्याकडे पावसाला पाणीच म्हणतात.) आजी धुऱ्यावरून ओरडली होती, “वास आला म्हंजे पानी आला नाही, बापू!” पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे. दुबार पेरणीच्या बियाण्याला माझे पहिले दोन पगार गेले. पुढे बँकेत पीककर्जाच्या टेबलावर बसलो तेव्हा जून महिन्यात अर्जदाराला मी आधी विचारायचो, ओल किती बोटे गेली? बेअर आणि थॉमस यांनी 1965 साली आणखी एक निष्कर्ष मांडला होता. मातीतले ते तेल बियांचे उगवणे लांबवते. मला तो वाचायला मिळाला निवृत्तीनंतर. आजीला तो कळण्याचे कारणच नव्हते.

लेखनाविषयी थोडे. ‘मृदगंध’ चूक आणि ‘मृदुगंध’ तर अर्थच बदलतो, तो होतो ‘मंद सुवास’. मूळ शब्द मृद् असल्याने द् चा पाय मोडतो आणि पुढच्या अक्षराप्रमाणे कधी बदलतो : मृण्मय, मृत्पात्र, मृत्तिका. मृदंगाची व्युत्पत्तीही पूर्वापार मृद् अधिक अंग अशीच सांगतात. महाराष्ट्रात सरकारी खाते ‘मृद व जलसंधारण’ लिहिते, आपल्याकडे शेतकऱ्याला ‘मृदा स्वास्थ्य कार्ड’ मिळते. दोन्हीकडे शब्द एकाच मुळाचा. मोबाइलवर लिहिताना द नंतर हलंत दाबून मग ग दाबावा, म्हणजे जोडाक्षर बरोबर उमटते. नातीने तसे करून यादीत पेट्रिकॉरच्या पुढे लिहून घेतले आहे.