उमेदवारी, हजेरी आणि विद्यावेतन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून "तुझ्या क्षेत्राबद्दल काहीतरी लिही" असा निरोप आला, तेव्हा सगळ्यात आधी आठवली ती आपल्या शाळेची वर्कशॉपची खोली. आठवीला टेक्निकल घेतलेल्या आपण सर्वांनी तिथे कानस चालवून हाताला फोड आणले. लोखंडाचा तुकडा काटकोनात आला की नाही हे बघायला सर तो गुण्याला लावून खिडकीकडे धरत. उजेडाची बारीकशी रेघ दिसली की तुकडा परत हातात यायचा. पहिल्या खेपेला सरांनी पास केलेला तुकडा वर्गात एकाच मुलाचा होता. "हा इंजिनिअर होणार," असे सर म्हणाले होते.

तो झाला नाही. मी झालो. तो दहावीनंतर आय.टी.आय.ला गेला, फिटर झाला. घरात पाठची तीन भावंडे होती आणि सहा वर्षे थांबायची सोय नव्हती. आय.टी.आय.नंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी मिळत होती आणि तिला विद्यावेतन होते. इंजिनिअरिंगला जाऊन शिकता शिकता कमावता येईल, असे त्याला कोणी सांगितले नाही, कारण तशी वाट आपल्या माहितीत नव्हती. (तो मेळाव्याला येणार आहे. त्याला विचारूनच हे लिहिले आहे.) वाट नव्हती का, आणि जिथे होती तिथे ती कशी तयार झाली, हे मला पुढे हळूहळू कळत गेले. तेच इथे मांडतो.

सुरुवात शब्दापासून करू. 'उमेदवार' म्हणजे उमेद धरून बसलेला. आज आपण तो शब्द निवडणुकीत वापरतो, पण आपल्या आजोबांच्या काळी 'कचेरीत उमेदवारी करतो' म्हणजे एखादा मुलगा पगाराशिवाय कागद उतरवतो आणि जागा रिकामी होण्याची वाट बघतो. वर्ष गेले, दोन गेली, तरी पदरचे खाऊन उमेदवारी चालू. ज्याच्या घरी शेतीचा आधार असे, तोच हे करू शके. कारागिरांत निराळी रीत होती. मेस्त्रीच्या हाताखालचा पोरगा जेवण आणि थोडेफार पैसे घेऊन शिके, पण त्याला पुस्तक मिळत नसे. पुस्तकवाल्याला पैसे नाहीत आणि पैसेवाल्याला पुस्तक नाही, असा तो पेच होता.

इंजिनिअरिंगचे शिक्षण आपल्याकडे आले ते सरकारी गरजेतून. पुण्याला १८५४ साली 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघाले. रस्ते, पूल, कालवे, इमारती यांच्या कामांना शिकलेले हाताखालचे अधिकारी हवे होते. त्यातूनच पुढे सीओईपी झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिथलेच. बंगळूरला बी.ए. होईपर्यंत त्यांनी शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवला. पुण्याला येता आले ते म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे. १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. म्हणजे इतक्या मोठ्या माणसाचीही शिकताना मिळवलेली कमाई शिकवण्यांची होती, इंजिनिअरिंगची नव्हती. शिक्षण एकीकडे, पोट दुसरीकडे.

हा पेच फक्त आपल्याकडचा नव्हता. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या टेक्निकल कॉलेजने १९०३ मध्ये स्थानिक कारखान्यांशी ठरवून काही महिने वर्ग, काही महिने कारखाना असा क्रम सुरू केला. त्यालाच पुढे 'सँडविच' हे नाव पडले. अमेरिकेत हर्मन श्नायडर नावाचे प्राध्यापक होते. नावारूपाला आलेल्या बऱ्याच इंजिनिअरांनी शिकताना कुठे ना कुठे काम केलेले असते, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात २७ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक आठवडा एक जण वर्गात आणि दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखानदाराचे मशीन रिकामे राहत नसे आणि विद्यार्थ्याला कामाची मजुरी मिळे. योजना टिकण्याचे कारण इथेच आहे. कारखानदार दान करत नव्हता, काम करून घेत होता आणि त्याचे दाम देत होता. कॅनडातले वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ मध्ये याच पद्धतीवर सुरू झाले.

आपल्या भागात हाच विचार एका वेगळ्या वाटेने आला, आणि तो इंजिनिअरिंगपुरता नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. त्याआधी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले होते. कारखान्याचा माल आणि खेड्यातला मुलगा, दोन्ही त्यांनी जवळून पाहिले. 'कमवा आणि शिका' हे त्यांचे सूत्र. साताऱ्याला १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुले श्रम करून शिकली. आपल्या शिवाजी विद्यापीठातही 'कमवा आणि शिका' योजना आहे. यात एक गोष्ट मात्र राहून गेली. मुलगा शेतात राबून पदवी घेई, पण ते काम त्याच्या विषयाचे असेलच असे नाही. कमाई झाली, धंद्याची ओळख झाली नाही.

दोन्ही एकत्र मिळण्याची एक जागा रेल्वेत होती. बिहारमधले जमालपूरचे वर्कशॉप १८६२ चे. तिथे १९२७ पासून 'स्पेशल क्लास अप्रेंटिस' घेतले जाऊ लागले. बारावीच्या वयाचा मुलगा स्पर्धा परीक्षेतून निवडला जाई, इंजिनांच्या कामात हात काळे करत शिके, दरमहा विद्यावेतन घेई आणि पुढे रेल्वेचा यांत्रिकी अधिकारी होई. पण निवड होई ती देशभरातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांची. कोल्हापूरच्या पोरापर्यंत ती जाहिरातच पोहोचत नव्हती. दहाएक वर्षांपूर्वी ही भरतीही बंद झाली.

खरा बदल कायद्याने केला. संसदेने १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा केला. तो प्रथम फिटर, टर्नर अशा व्यवसायांपुरता होता. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस पदवी हातात घेऊन इंजिनिअर घरी बसू लागले. कारखाने म्हणत, यांना काम येत नाही. मुले म्हणत, काम दिल्याशिवाय येणार कसे? मग १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारक इंजिनिअर कायद्यात आले. व्याख्येत पदवी मिळालेल्यांबरोबर ती मिळवण्यासाठी प्रशिक्षण घेत असलेलेही धरले, म्हणजे सँडविच अभ्यासक्रमातला विद्यार्थीही आत आला. अशा उमेदवाराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकारने उचलायचा, असे ठरले. मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि कानपूर येथील मंडळे हे काम बघतात. त्याच १९७३ साली पिलानीच्या बिट्सने विद्यार्थ्यांना काही महिने प्रत्यक्ष उद्योगात पाठवणारी 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केली.

कचेरीतला जुना उमेदवार आणि या कायद्यातला शिकाऊ उमेदवार यांच्यात एका शब्दाचा फरक पडला. तो शब्द म्हणजे विद्यावेतन. कायदा त्याला कामगार म्हणत नाही, प्रशिक्षणार्थी म्हणतो. पण त्याने पदरचे खाऊन शिकावे, असेही म्हणत नाही.

आता माझे सांगतो. मी सांगलीला इंजिनिअरिंगला होतो. पहिले वर्ष संपल्यावर १९८१ च्या मे महिन्यात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. हजेरी दिवसाला आठ रुपये. पहिला आठवडा बर काढण्यात आणि चिप्स भरण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात मेस्त्री म्हणाले, "इंजिनेर, आधी लेथचा आवाज ऐका. टूल बोथट झालं की ते सांगतंय." कटिंग स्पीडचे सूत्र मला पाठ होते, पण ते कानांनी ऐकता येते हे तेव्हा कळले. त्या पैशातून मी जुना मिनी ड्राफ्टर घेतला आणि उरलेले आईच्या हातात दिले. घरातला आवाज बदलतो तो अशा वेळी.

पदवीनंतर एक वर्ष शिकाऊ उमेदवारी केली. आपल्या वर्गातल्या एका मुलीलाही तशीच जागा मिळाली होती. वडील तिला कारखान्यात पाठवायला तयार नव्हते. मंडळाच्या शिक्क्याचे पत्र आले, त्यात विद्यावेतनाची रक्कम छापलेली होती, तेव्हा ते म्हणाले, "सरकारी आहे म्हणजे जाऊ दे." ती पुढे डिझाइनमध्ये आपल्या सर्वांच्या पुढे गेली.

आणि आता एक कबुली. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या शेडमध्ये कॉलेजचे पत्र घेऊन तीन मुले आली. "पैसे नकोत सर, फक्त सर्टिफिकेट द्या," म्हणाली. मी ठेवून घेतली. फुकट हात मिळाले, नाही कशाला म्हणू? त्यातला एक दहा दिवसांनी येईनासा झाला. आळशी दिसतो, असे मी जेवताना बोललो. समोर आपला फिटर मित्र बसला होता. तो कंपनीतून निवृत्ती घेऊन माझ्याकडे येऊ लागला होता. त्याने त्या मुलाची चौकशी केली होती. एस.टी.चे भाडे आणि दुपारचा वडापाव परवडेना म्हणून तो मामाच्या हॉटेलात कामाला गेला होता. मित्र एवढेच म्हणाला, "तुला तरी आठ रुपये मिळत होते की!"

त्यानंतर माझ्याकडे बिनपगारी कोणी ठेवला नाही. पण बाहेर काय चालले आहे ते आपण आपल्या मुला-नातवंडांकडून ऐकतो. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपसाठी सहाशे ते सातशे तास धरले, हे चांगलेच झाले. तास ठरले, त्या तासांचे पैसे मात्र ठरले नाहीत. काही ठिकाणी तर विद्यार्थीच फी भरून सर्टिफिकेट आणतात. म्हणजे फिरून आपण त्या कचेरीतल्या उमेदवारापाशी आलो. ज्याच्या घरी आधार, त्यालाच अनुभव.

कायदा मात्र तेव्हापेक्षा सोपा झाला आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराला दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये ठरवले. तीस किंवा अधिक माणसे असतील तिथे उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि चार माणसांच्या शेडलाही ते घेता येतात. मोठ्या कारखान्याचीच गोष्ट आहे, असे म्हणायची सोय उरलेली नाही.

मित्रहो, आपल्या बॅचमध्ये शिरोली आणि गोकुळ शिरगावला स्वतःची शेड असलेले बरेच जण आहेत. माझी सूचना अशी. आपल्या शाळेतून डिप्लोमा किंवा डिग्रीला गेलेल्या मुला-मुलींपैकी दोघांना प्रत्येकाने दर उन्हाळ्यात सहा आठवडे घ्यावे. शेडमधल्या साध्या मजुराइतकी तरी हजेरी आणि येण्याजाण्याचे भाडे द्यावे. शिकवणारा माणूस आधी ठरवावा आणि मुलांना रोजची वही लिहायला लावावी. फक्त झाडू मारायला लावू नये. थोडा झाडू मात्र मारावाच, सरांनी आपल्यालाही लावला होता.

मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाजवळ एक वही ठेवणार आहे. पहिल्या ओळीत माझे नाव आणि 'दोन विद्यार्थी' असे लिहिले आहे. दुसऱ्या ओळीत फिटर मित्राने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : 'माझी शेड नाही. दर शनिवारी येऊन कानस शिकवीन.' बाकीचे पान कोरे आहे.