पुढच्या वर्षाचे ब्रुकलिन

हरणाऱ्या संघावर जीव लावणाऱ्या प्रेक्षकाचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. गुणफलक जतन होतो आणि गॅलरीतला माणूस विस्मृतीत जातो. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाच्या बाबतीत मात्र उलटे घडले. संघ गाव सोडून गेला आणि इतिहासात प्रेक्षकच उरला. असे का झाले असावे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

ब्रुकलिन १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले आणि त्याचे स्वतंत्र शहर म्हणून असलेले अस्तित्व संपले. त्यानंतर ते नाव अभिमानाने मिरवणाऱ्या मोजक्या गोष्टींमध्ये हा संघ होता. रस्त्यावरच्या ट्रॉलीगाड्या चुकवत चालणाऱ्या ब्रुकलिनवासीयांना गमतीने दिलेले विशेषणच संघाचे नाव झाले. म्हणजे नावापुरते तरी खेळाडू आणि प्रेक्षक एकच होते.

या प्रेक्षकाने दोन प्रकारचे अपयश पाहिले. पहिले सामान्यपणाचे. १९२० नंतर थेट १९४१ पर्यंत संघाला नॅशनल लीगचे विजेतेपद मिळाले नाही. १९३४ च्या हंगामापूर्वी न्यूयॉर्क जायंट्सचे बिल टेरी यांनी ब्रुकलिन अजून लीगमध्ये आहे का, असे उपहासाने विचारले होते. त्याच हंगामाच्या अखेरीस ब्रुकलिनने जायंट्सला लागोपाठ दोन सामन्यांत हरवले आणि त्यांचे विजेतेपद हुकले. स्वतः सहाव्या क्रमांकावर राहिलेल्या संघाच्या चाहत्यांना तेवढा आनंद पुरला.

दुसरे अपयश अधिक जीवघेणे, कारण ते उंबरठ्यावरचे होते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन संघात आले आणि मोठ्या लीगमधली अनेक दशकांची वर्णबंदी मोडली. संघ बलाढ्य झाला, पण वर्ल्ड सिरीज हाती लागेना. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ असे पाच वेळा त्याला न्यूयॉर्क यँकीजनीच हरवले. 'पुढच्या वर्षी बघा' हे वाक्य ब्रुकलिनमध्ये म्हणीसारखे रूढ झाले.

अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजी, मालिकेच्या सातव्या सामन्यात यँकीजना २-० असे नमवून ते पुढचे वर्ष उगवले. हा विजय छापायला 'ब्रुकलिन ईगल' हे तिथले जुने दैनिक मात्र उरले नव्हते. ते त्याच वर्षी जानेवारीत बंद पडले होते.

दोनच वर्षांनी मालक वॉल्टर ओमॅली यांनी संघ लॉस एंजेलिसला नेला. नव्या मैदानासाठी ब्रुकलिनमध्ये त्यांना हवी असलेली जागा रॉबर्ट मोझेस यांच्या विरोधामुळे मिळाली नाही, हे खरे. प्रेक्षकही ओसरले होते, हेही खरे. १९४७ मध्ये घरच्या सामन्यांना १८ लाखांवर असलेली उपस्थिती विजयाच्या वर्षी साडेदहा लाखांच्या आत आली होती. बरीच कुटुंबे उपनगरांत राहावयास गेली होती. निष्ठेचे गोडवे गाताना हा आकडा झाकून ठेवणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते. तरीही संघ तोट्यात नव्हता, हेही तितकेच महत्त्वाचे. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरचा अखेरचा सामना ब्रुकलिनने जिंकला. सुमारे ३२ हजारांच्या त्या मैदानात प्रेक्षक होते ६,७०२. १९६० मध्ये मैदान पाडण्यात आले.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे. चाहत्याची निष्ठा विजयावर उभी नसते, ती पुनरावृत्तीवर उभी असते. तेच मैदान, तीच नावे आणि पुन्हा एक एप्रिल, एवढेच तिला लागते. म्हणून वर्ल्ड सिरीजमधल्या आठ पराभवांनी जे तुटले नाही, ते एका स्थलांतराने तुटले. पराभव 'पुढच्या वर्षी' या शब्दांना अर्थ देत होता. मालकाच्या निर्णयाने ते वर्षच काढून घेतले. संघ कायद्याने मालकाचा होता आणि प्रेक्षकाकडे त्याचा कोणताही कागद नव्हता. त्याच्यापाशी उरली ती आठवण. ती मात्र कुणाला लॉस एंजेलिसला नेता आली नाही.