झाडीपट्टीतले जागरण आणि मनाचे घड्याळ

भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत झोपेचे वेळापत्रक धानाने ठरवले. पाऊस लागला की रोवणा, म्हणजे भाताची लावणी. सकाळीच बांधीत उतरायचे, बायांच्या रांगेत हात चालवायचा, दिवेलागणीनंतर लवकर पाठ टेकायची. दिवाळीनंतर मात्र मंडई म्हणजे गावची जत्रा, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या निमित्ताने दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये आणि नाटक, तेही तांबडे फुटेपर्यंत. या जागरणांना आज ‘मनाचे औषध’ म्हणायचा मोह होतो, आणि त्याला आधार सापडतो असेही वाटते. १९७१ मध्ये जर्मनीतल्या पफ्लुग आणि ट्योले यांनी नैराश्याच्या रुग्णांना रात्रभर जागे ठेवले, तेव्हा कित्येकांचे मन काही तासांतच हलके झाले. पण झोप लागली की बहुतेकांचा अंधार परतला. द्विध्रुवी (बायपोलर) विकारात तर धोका आणखी: जागरणाने उन्माद चढू शकतो. म्हणून मिलानमध्ये बेनेदेत्ती यांच्या गटाने जागरणाला लिथियम आणि प्रकाशाची जोड दिली, तीही रुग्णालयात, देखरेखीखाली. मंडईत कोणी देखरेख करत नव्हते. दंडार करमणूक होती, उत्तम करमणूक; तिला उपचार म्हणणे दंडारीवरही अन्याय आहे.

माझ्या मते औषधाच्या जवळ जाणारी गोष्ट जागरणात नव्हती, रोवण्याच्या दिवसांत होती. पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी द्विध्रुवी रुग्णांसाठी जी उपचारपद्धती बांधली, तिच्यात पाच वेळा नोंदवायच्या असतात: अंथरूण सोडले कधी, पहिला माणूस भेटला कधी, काम सुरू कधी, रात्रीचे जेवण कधी, झोप कधी. आजाराच्या तीव्र काळात ही पद्धती मिळालेल्यांना पुढचा झटका उशिरा आला, असे त्यांच्या २००५च्या अभ्यासात दिसले. या पाचही वेळा धानाच्या गावात न मागता पाळल्या जात. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने विदर्भातल्या गावांत सकाळचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची प्रार्थना रुजवली, तेव्हा दिवसाची दोन्ही टोके पुन्हा बांधली गेली. हेतू अर्थातच वेगळा होता.

यावर कोणी म्हणेल, ही तर गावगाड्याची आरती झाली. आक्षेप खरा आहे. ती शिस्त मजुरीची होती. रोवण्याला उशिरा येणाऱ्याला उदास असण्याची सवलत नव्हती. आणि दिवसाचा असा ठरलेला ताल असूनही माणसे आजारी पडतच. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासून उगीच उभे नाही. तालाने आजार होतच नाही, असा माझा दावा नाही. औषधाच्या जोडीला तो उपयोगी पडतो, एवढेच. प्रकाशाचेही तसेच. २००१ मध्ये मिलानमध्येच दिसले, की पूर्वेकडच्या, सकाळच्या उन्हाच्या खोल्यांतले द्विध्रुवी नैराश्याचे रुग्ण पश्चिमेकडच्यांपेक्षा साडेतीन दिवसांहून जास्त लवकर घरी गेले.

तेव्हा मंडईच्या दिवसांत घरात द्विध्रुवी विकारावर उपचार घेणारे माणूस असेल, तर त्याला नाटकाचा पहिला अंक दाखवा आणि झोपायला घेऊन या. सकाळी रोजच्या वेळी उठवा, अंगणात बसवा. गोळी चुकवू नका.