आप्पेपात्र : चमचाभर तेलातला खमंग नाश्ता

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुका हा कृष्णाकाठचा, उसाच्या मळ्यांचा मुलूख. याच तालुक्यातील आष्टा शहरापासून कर्नाटकाची सीमा फार दूर नाही आणि सीमेपलीकडच्या चवी या भागाला परक्याही नाहीत. सकाळच्या नाश्त्याला होणारे आप्पे हे त्याचेच एक उदाहरण होय. तांदूळ आणि उडीद डाळीचे आंबवलेले पीठ, त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर आणि ते भाजण्यासाठी खळग्यांचे एक लहानसे भांडे, एवढ्या सामग्रीवर बाहेरून कुरकुरीत व आतून जाळीदार असा पदार्थ तयार होतो. त्याच्या चेंडूसारख्या आकारामुळे मुलेही तो आवडीने खातात.

नावे अनेक, भांडे एक

आप्प्यांना कन्नडमध्ये ‘पड्डू’, तेलुगूमध्ये ‘गुंत पोंगनालु’ तर तमिळमध्ये ‘कुळी पणियारम’ म्हणतात. ‘गुंत’ आणि ‘कुळी’ या दोन्ही शब्दांचा अर्थ खळगा; म्हणजे पदार्थाला नाव मिळाले ते भांड्यावरून. कोकणात रवा, गूळ, ओले खोबरे आणि फणसाचा रस घालून गोड आप्पे केले जातात. केरळमधील कोट्टारक्करा येथील गणपती मंदिरात प्रसाद म्हणून दिला जाणारा उण्णियप्पम हाही अशाच खळग्यांच्या भांड्यात तयार होतो. डेन्मार्कचे एब्लस्किवर, नेदरलँड्समधील पॉफर्चेस आणि जपानमधील ओसाका शहराचे ताकोयाकी हे पदार्थही याच कल्पनेवर आधारलेले आहेत.

खळग्याची किमया

सपाट तव्यावर पिठाला केवळ खालून आच लागते. गोलाकार खळग्यात मात्र ती बाजूंनीही मिळते. बिडाचे जाड पात्र सावकाश तापते, परंतु एकदा तापले की गार पीठ पडल्यावरही त्याची उष्णता चटकन उतरत नाही. त्यामुळे बाहेरचे कवच लगेच धरते आणि आतला भाग स्वतःच्याच वाफेवर शिजतो. तळणीचा खमंगपणा चमचाभर तेलात साधतो, तो यामुळेच.

जाळी पडण्याचे श्रेय मात्र आंबवण्याला द्यावे लागते. पिठातील ‘ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस’ या जिवाणूमुळे कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि उडदाचा चिकटपणा तो धरून ठेवतो. थंडीत पीठ फुगत नसेल, तर भांडे उबदार जागी झाकून ठेवावे.

कृती

तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ व अर्धा चमचा मेथ्या पाच-सहा तास भिजवून वाटाव्यात. पीठ रात्रभर आंबू द्यावे. सकाळी मीठ, चिरलेला कांदा, मिरची, कढीपत्ता व कोथिंबीर घालावी. पात्र तापल्यावर प्रत्येक खळग्यात तेलाचे दोन-तीन थेंब सोडून तो पाऊण भरावा. मधला खळगा सर्वांत जास्त तापतो. म्हणून कडेचे खळगे आधी आणि मधला शेवटी भरावा. मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटे झाकण ठेवून आप्पे उलटावेत आणि मग झाकण न ठेवता भाजावेत. गुळाचे आप्पे लवकर करपतात, त्यांना आच मंदच हवी. आदल्या दिवशीचे उरलेले इडलीचे पीठही चालते. एरवी तळावे लागणारे डाळीचे वडे व कोथिंबिरीची भजीदेखील या पात्रात कमी तेलात होतात.

बीड की नॉनस्टिक?

नॉनस्टिक पात्र हलके असते व त्याला पीठ चिकटत नाही. त्यामुळे अनेक घरांतील बिडाची पात्रे माळ्यावर किंवा भंगारात गेली. मात्र नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊन घातक वायू सोडू लागतो. ते रिकामे तापवू नये आणि त्याला धातूचा चमचा लावू नये. बिडाला ही भीती नाही. शिवाय त्यातील थोडे लोह अन्नात उतरते, आंबट पिठात अधिक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, हे पाहता ही बाब दुर्लक्षण्यासारखी नाही. अर्थात पीठ पात्रात काही मिनिटेच असते. त्यामुळे याला पूरक लाभ समजावे, रक्तक्षयावरील उपचार नव्हे.

गंजलेले जुने पात्र टाकून देण्याची गरज नसते. ते घासून, धुऊन पूर्ण कोरडे करावे, तेलाचा पातळ हात द्यावा आणि मंद आचेवर तापवावे. असे चार-पाच वेळा केले की तेलाचा काळा, गुळगुळीत थर बसतो. त्यानंतर अर्ध्या कांद्याच्या फोडीने तेल लावून पहिला घाणा काढावा. वापरून झाल्यावर पात्र पाण्यात भिजत ठेवू नये. लगेच पुसून तेल लावून ठेवावे. एवढी निगा राखली, तर आजीच्या हातचे पात्र नातीच्या स्वयंपाकघरातही तेवढेच खमंग आप्पे देते.